बत्तीस, सोळा, आठ

ईस्टरच्या सुट्टीत म्युनिक शहर बरेचसे रिकामे होते. कुणी डोंगराकडे जाते, कुणी आजी-आजोबांकडे. आमच्याकडे मात्र गेली काही वर्षे त्या शनिवारी जेवण लवकर उरकायचे आणि यू-सिक्स मेट्रोने शहराच्या उत्तरेला फ्रायमानला जायचे, असा शिरस्ता पडला आहे. तिथे झेनिथ नावाचा जुना, उंच छताचा औद्योगिक हॉल आहे. एरवी त्यात संगीताचे कार्यक्रम होतात. ईस्टरचे तीन दिवस तिथे ‘जर्मन डार्ट्स ग्रां प्री’ भरते. प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन, म्हणजेच पीडीसी, या संघटनेच्या युरोपियन टूरवरील ही एक स्पर्धा. २०१२ साली सुरू झालेली ही टूर आता वर्षाला डझनाहून अधिक शहरांत जाते. म्युनिक, लेव्हरकुझेन, हिल्डेसहाइम, रीसा, ग्राझ, प्राग, बुडापेस्ट, बाझेल, बेल्जियममधील वीझे हे छोटेसे गाव, अशी तिची वारी चाललेली असते. त्यातही जवळपास निम्मे मुक्काम जर्मनीत असतात, कारण या खेळावर जर्मन प्रेक्षकांनी जेवढा जीव लावला आहे तेवढा युरोपच्या मुख्य भूमीवर, नेदरलँड्स सोडल्यास, क्वचितच कुणी लावला असेल.

तिकीट काढताना ओळखीचे लोक नेहमी सोमवारच्या रात्रीचे काढतात, कारण त्या रात्री अंतिम सामना असतो. मी शनिवारच्या दुपारचे काढते. मला विचाराल तर या स्पर्धेचा खरा गाभा पहिल्याच दिवशी, त्या अर्ध्या भरलेल्या हॉलमध्ये पाहायला मिळतो, आणि तो का, हे सविस्तर सांगावे असे बरेच दिवस मनात होते.

स्पर्धेत ४८ खेळाडू असतात. जागतिक क्रमवारीतील पहिल्या सोळांना मानांकन मिळते आणि ते थेट दुसऱ्या फेरीत, म्हणजे रविवारी, मैदानात उतरतात. शनिवारी उरलेले ३२ जण आपापसांत खेळतात: दुपारी आठ सामने, रात्री आठ. या बत्तिसांपैकी सोळा जण पीडीसीच्या प्रो टूर क्रमवारीतून, म्हणजे वर्षभराच्या कमाईवरून येतात, दहा जण पात्रता फेरीतून आणि चार यजमान देशाचे. उरलेल्या दोन जागांपैकी एक उत्तरेकडील नॉर्डिक आणि बाल्टिक देशांसाठी, तर दुसरी पूर्व युरोपसाठी राखलेली असते. सामना सहा लेगचा, म्हणजे जो आधी सहा लेग जिंकेल तो पुढे जातो. उपांत्य फेरीत सातांची आणि अंतिम सामन्यात आठांची गरज असते. एक लेग म्हणजे ५०१ पासून सुरुवात करून शून्यावर पोहोचणे. तीन-तीन डार्ट आळीपाळीने फेकायचे, मिळालेले गुण वजा करत जायचे आणि शेवटचा डार्ट न चुकता डबलमध्ये, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या, दुप्पट गुण देणाऱ्या अरुंद कड्यात, लावून बरोबर शून्य करायचे. नियम एवढाच.

मला हा खेळ माझ्या भाच्याने शिकवला. तो इथे शिकायला आला तेव्हा पहिले वर्षभर आमच्याकडेच राहत होता, आणि त्याच्या वर्गातील मुलांनी त्याला एकदा या हॉलमध्ये नेले होते. पुढच्या वर्षी तो मला घेऊन गेला. इतरांप्रमाणे मीही पहिला तासभर मोठ्या आकड्यांकडेच बघत बसले होते. कुणी तिन्ही डार्ट तिहेरी वीसमध्ये, म्हणजे तिप्पट गुण देणाऱ्या आतल्या कड्यातल्या वीसच्या खणात, लावले की पंच ‘वन हंड्रेड अँड एटी’ असे लांबवून पुकारतो, आणि लांब बाकांवर दाटीवाटीने बसलेले सगळे लोक हातातले १८० लिहिलेले पुठ्ठे उंचावून उभे राहतात. मीही उभी राहत होते. तेव्हा तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “आत्या, त्याने किती केले ते बघू नकोस. किती उरलेत ते बघ.” या खेळाबद्दल मला कुणी सांगितलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच.

उरलेल्या आकड्याकडे बघू लागले, आणि लहानपणी पाठ केलेले पाढे एकदम कामाला आले. तिहेरी वीस म्हणजे वीस त्रिक साठ, तिहेरी एकोणीस म्हणजे एकोणीस त्रिक सत्तावन्न, तिहेरी सतरा म्हणजे सतरा त्रिक एक्कावन्न. समोरच्या पडद्यावर १४१ उरले असे दिसले की मनात लगेच साठ, सत्तावन्न आणि दुहेरी बारा अशी मांडणी होते. तीन डार्टमध्ये संपवता येईल असा सर्वांत मोठा आकडा १७०: दोनदा तिहेरी वीस आणि मग मधला लाल बुल, ज्याचे पन्नास मिळतात आणि जो डबलच धरला जातो. त्याखाली १६७, १६४, १६१ जमतात. पण १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२ आणि १५९ हे सात आकडे तीन डार्टमध्ये कसेही केले तरी संपत नाहीत. त्यामुळे मुरलेला खेळाडू त्या आकड्यांवर थांबत नाही. आधीच्या पाळीतला शेवटचा डार्ट वीसऐवजी एकोणीस किंवा अठरावर टाकून तो आपला उरलेला आकडा सुधारून घेतो. हा निर्णय तो अर्ध्या सेकंदात घेतो, हात खाली न आणता. ज्यांना या खेळात केवळ नेम दिसतो त्यांनी हा अर्धा सेकंद एकदा लक्ष देऊन पाहावा.

बोर्डाची मापेही इथे सांगायला हवीत, कारण लांबून ती कळत नाहीत. बोर्डाचा मध्यबिंदू जमिनीपासून १.७३ मीटर उंच असतो आणि फेकणाऱ्याची रेषा, जिला ऑकी म्हणतात, बोर्डापासून २.३७ मीटरवर असते. बोर्ड सिसलच्या धाग्यांचा असतो. सिसल म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावर लावतात आणि ज्याच्या पानांपासून दोरखंड वळतात, त्या घायपाताच्या कुळातलीच वनस्पती. धाग्यांचे गठ्ठे उभे दाबून बसवलेले असतात, त्यामुळे डार्ट काढला की भोक पुन्हा मिटते. डार्ट टंगस्टनच्या मिश्रधातूचा असतो. तो जड असूनही बारीक करता येतो, म्हणूनच वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचे तीन डार्ट एकाच चिमुकल्या खणात शेजारी शेजारी मावतात. तो खण म्हणजे तिहेरी वीस. त्याची रुंदी आठ मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी, आणि लांबी साधारण सव्वातीन सेंटीमीटर. त्याच्या डाव्या हाताला पाच आणि उजव्या हाताला एक. वीसचा लोभ धरून थोडे जरी सरकलात, तरी पदरात पाच किंवा एकच पडावा, अशा बेताने हे आकडे मांडलेले आहेत.

आता डबलचे बघा. त्या कड्याची रुंदीसुद्धा आठच मिलिमीटर, पण तो बोर्डाच्या कडेला असल्यामुळे त्याचा प्रत्येक खण पाच सेंटीमीटरांहून थोडा जास्त लांब असतो. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने डबलचा खण तिहेरीपेक्षा दीडपटीने मोठा भरतो. जो माणूस लहान खणात डार्टमागून डार्ट खोवतो, त्याला मोठा खण सोपा जायला हवा. प्रत्यक्षात डबलवर फेकलेल्या दहा डार्टांपैकी चार लागले तरी व्यावसायिक खेळाडूचा दिवस चांगला गेला असे मानतात.

याचे एक कारण तालाचे आहे. तिहेरी वीसवर हात तेच तेच करत असतो आणि पहिला डार्ट दुसऱ्याला वाट दाखवतो. डबलसाठी नजर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला वळवावी लागते आणि तिथे वाट दाखवायला आधीचा डार्ट नसतो. दुसरे कारण असे की तिहेरी हुकली तरी काही ना काही गुण मिळतात, आणि डबलच्या बाहेरच्या तारेपलीकडे काहीच नाही. पण ही दोन्ही कारणे जमेस धरूनही काहीतरी शिल्लक उरते. ते समजायला मला माझ्या वडिलांचा कॅरम आठवावा लागला.

सांगलीला आमच्या माडीवर रोज संध्याकाळी कॅरम चालायचा. बाबा आणि त्यांचे तीन स्नेही, बोरिक पावडरीने पांढरी झालेली बोटे, आणि वरून खाली सोडलेला दिवा. बाबांचा नेम चौघांत सर्वांत उत्तम होता, पण ते म्हणायचे की राणी घेणारे खूप असतात, तिला कव्हर देणारे थोडे. राणी खिशात गेली तरी तिच्या पाठोपाठ आपली सोंगटी गेल्याशिवाय ती आपली होत नाही, आणि ती सोंगटी कितीही सोपी असली तरी त्या वेळी ती सोपी राहत नाही. डार्ट्समध्ये तर समोरच्याला अडवण्याची सोयही नाही. कॅरममध्ये प्रतिस्पर्ध्याची सोंगटी झाकता येते. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण हलवता येते. इथे समोरचा खेळत असताना आपण त्याच्या मागे उभे राहायचे, हात बांधून, आणि आपली पाळी येते की नाही याची वाट बघायची. ती पाळी आली आणि डबल हुकला, तर दोष ठेवायला आपल्या हाताखेरीज दुसरे काहीच नसते.

आता मी पाहिलेल्या एका सामन्याविषयी लिहिते. त्यातल्या दोघांची नावे मुद्दाम देत नाही. एक जण बरीच वर्षे टूरवर असलेला इंग्रज खेळाडू होता, दुसरा यजमानांच्या चार जागांपैकी एका जागेवर आलेला जर्मन मुलगा. मुलगा म्हणण्याइतका तो लहान नव्हता, पण मंचावर येताना त्याने ज्या तऱ्हेने प्रेक्षकांकडे बघितले त्यावरून एवढा मोठा हॉल त्याच्या सवयीचा नसावा, हे कळत होते. सुरुवात कोणी करायची हे ठरवायला दोघे बुलवर एकेक डार्ट फेकतात. ज्याचा जवळ तो पहिला. इंग्रजाचा जवळ पडला. याचा अर्थ पहिला, तिसरा, पाचवा असे करत अकरावा लेगही त्याच्या सुरुवातीचा. पाच-पाच अशी बरोबरी झाली तर निर्णायक लेगमध्ये पहिले तीन डार्ट त्याचे. सामना सुरू होण्यापूर्वीच्या त्या एका डार्टची किंमत सामन्याच्या शेवटी कळते.

बरोबरी झालीच. अकराव्या लेगमध्ये इंग्रजाने चार वेळा फेकून ८० उरवले. मुलाने पहिल्या तीन पाळ्यांत १४०, १८० आणि १०० केले, म्हणजे नऊ डार्टांत ८१ वर आला. मागे असूनही तो पुढे होता. हॉल उभा राहिला. चौथ्या पाळीत त्याने तिहेरी एकोणीसवर फेकलेला डार्ट साध्या एकोणीसमध्ये गेला, उरले ६२. दुसरा त्याने तिहेरी दहावर घातला, अगदी मधोमध, उरले ३२.

बत्तीस हा या खेळातला लाडका आकडा आहे. दुहेरी सोळा लागला तर संपले. डार्ट आत पडून साधा सोळा लागला तर सोळा उरतात, म्हणजे दुहेरी आठ. तोही आत पडला तर आठ, म्हणजे दुहेरी चार; मग दुहेरी दोन, मग दुहेरी एक. प्रत्येक चूक निम्म्यावर आणते आणि पुन्हा एक डबल समोर ठेवते. चाळीसवरून चुकत गेलात तर वीस, दहा आणि मग पाच असा विषम आकडा येतो, आणि तो सम करण्यात एक डार्ट खर्ची पडतो. बत्तीस मात्र शेवटपर्यंत सम राहतो. चुकणाऱ्याला एवढे सांभाळून घेणारा आकडा दुसरा नाही.

तिसरा डार्ट दुहेरी सोळाच्या बाहेरच्या तारेला चाटून बाहेर बसला. मोठ्या पडद्यावर तार आणि डार्टचे टोक यांच्यातले अंतर दिसत होते. कागदाची घडी जाईल एवढे असेल. इंग्रज पुढे आला. साधा वीस, पुन्हा साधा वीस, मग दुहेरी वीस हुकला. उरले ४०. मुलाला पुन्हा तीन डार्ट मिळाले, सगळे डबलवर. पहिला किंचित आत पडला, साधा सोळा. उरले सोळा. दुसरा दुहेरी आठच्या बाहेर. तिसरा फेकण्यापूर्वी तो ऑकीवरून एक पाऊल मागे आला, उजवा पंजा पँटला पुसला, डार्ट बोटांत फिरवून घेतला आणि पुन्हा उभा राहिला. तोवर हॉलमध्ये एवढी शांतता झाली होती की बोर्डामागच्या माइकमधून सिसलमध्ये डार्ट रुतल्याचा आवाज आला. तो कोरडा, बसका आवाज मला अजून ऐकू येतो. साधा आठ. उरले आठ. बत्तीस, सोळा, आठ. आकड्याने त्याला शेवटपर्यंत सांभाळले होते. इंग्रजाने पहिल्याच डार्टला दुहेरी वीस लावला आणि सामना संपला.

हस्तांदोलन झाले. मुलाने बोर्डाकडे न बघता आपले डार्ट डबीत ठेवले, तिन्ही टोके एकाच दिशेला करून, आणि डबी दोनदा दाबून बंद केली. माझ्या शेजारी बसलेले वयस्कर जर्मन गृहस्थ एवढेच म्हणाले, “चार डार्ट होते त्याच्याकडे.” त्यांच्या आवाजात राग नव्हता.

चार डार्टांचा हिशेब पैशांत मांडला तर असा होतो. २०२३ ते २०२५ च्या हंगामांत या टूरवरील प्रत्येक स्पर्धेची एकूण बक्षीसरक्कम १,७५,००० पौंड होती. विजेत्याला ३०,००० मिळत, उपविजेत्याला १२,०००, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ८,५००, त्याच्या आधीच्या फेऱ्यांत ६,०००, ४,००० आणि २,५००. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १,२५०. दुसऱ्या फेरीत पोचताच ही रक्कम दुप्पट व्हायची. आणि या खेळात क्रमवारी म्हणजे पैसाच: गेल्या दोन वर्षांत मिळवलेली बक्षिसे जेवढी, तेवढे स्थान. टूर कार्ड, म्हणजे पीडीसीच्या टूरवर खेळण्याचा दोन वर्षांचा परवाना, असलेले खेळाडू १२८ असतात, आणि कार्डाची मुदत संपताना जो पहिल्या चौसष्टांत नसतो त्याला जानेवारीत क्यू-स्कूल नावाच्या पात्रता परीक्षेला पुन्हा बसावे लागते. युरोपच्या मुख्य भूमीवरील खेळाडूंची ही परीक्षा अलीकडे जर्मनीतल्या काल्कार गावी होते. तिथे अणुवीजकेंद्र बांधून पूर्ण झाले, पण कधी सुरूच झाले नाही, आणि पुढे त्याच जागेत मनोरंजन उद्यान उभे राहिले. अशा ठिकाणी, थंडीच्या दिवसांत, शेकडो माणसे दोन वर्षांच्या रोजीरोटीसाठी डबल लावत असतात. चौसष्टावा आणि पासष्टावा यांच्यात दोन वर्षांच्या कमाईचा फरक काही शे पौंडांचाच असू शकतो. मग शनिवारच्या दुपारी झेनिथमध्ये चुकलेला दुहेरी आठ दीड-दोन वर्षांनी काल्कारला नेऊन सोडू शकतो. सोमवारच्या रात्री हरणारा उपविजेता १२,००० पौंड घेऊन जायचा; त्याचे दुःख खोटे नाही, पण ते वेगळे आहे.

मानांकितांनाही एक बाब सोसावी लागते, आणि ती मला न्याय्य वाटते. ते थेट दुसऱ्या फेरीत येतात, म्हणून पहिलाच सामना हरले तर दुसऱ्या फेरीचे पैसे मिळतात खरे, पण ते क्रमवारीत धरले जात नाहीत. न खेळता मिळालेल्या फेरीचे श्रेय त्यांना मिळू नये, असा त्यामागचा विचार आहे. त्यामुळे रविवारी मोठी नावेही पहिल्या लेगपासून जपून खेळताना दिसतात.

प्रेक्षकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीने या खेळाला जे दिले ते फार मोठे आहे. २०१८ साली गेल्सेनकिर्शेनच्या फुटबॉल मैदानात एका डार्ट्स स्पर्धेला २०,२१० लोक जमले होते. त्याच वर्षी झारब्र्युकेनला मॅक्स हॉपने मायकेल स्मिथला ८-७ असे हरवले आणि युरोपियन टूरवर जिंकणारा तो पहिला जर्मन ठरला. २०२४ च्या एप्रिलमध्ये रीसाला मार्टिन शिंडलरने माजी जगज्जेत्या गरविन प्राइसला अंतिम सामन्यात ८-५ असे नमवले, तो क्षण मी घरी टीव्हीवर पाहिला आणि शेजारच्या तिन्ही घरांतून आरोळ्या ऐकल्या. पण याच प्रेक्षकांपैकी काहींना एक वाईट खोड लागली आहे. आपला खेळाडू मागे पडला की ते प्रतिस्पर्धी डबलवर डार्ट रोखत असताना नेमक्या त्याच क्षणी शिट्ट्या मारतात. गाणी म्हणावीत, टाळ्या द्याव्यात, चित्रविचित्र पोशाख घालून यावे. त्याने या खेळाची जत्रा होते आणि जत्रा मला आवडते. पण ज्याच्या हातात एक डार्ट आणि मागे दोन वर्षांचा हिशेब आहे, त्याच्या हाताच्या हालचालीवर नेम धरून शिट्टी मारणे हा अन्याय आहे. माझ्या शेजारच्या त्या गृहस्थांनी एकदा मागे वळून दोन तरुणांना तसे सुनावले होते आणि आमच्या बाकावर सगळ्यांनी बाक वाजवून त्यांना दुजोरा दिला होता.

मोठ्या खेळाडूंना मी कमी लेखते असे कुणी समजू नये. या टूरवर सर्वाधिक विजेतेपदे मिळवणारा नेदरलँड्सचा मायकेल व्हान गेर्वन झेनिथमध्ये डबलवर उभा राहतो तेव्हा तो विचार करतो आहे असे दिसतच नाही. डार्ट हातातून सुटलेला असतो. २०२५ च्या ईस्टर सोमवारी त्याने इथेच आपल्याच देशाच्या तरुण जियान व्हान व्हीनला अंतिम सामन्यात ८-५ असे हरवले. या व्हान व्हीनची कहाणी मला विशेष जवळची वाटते. त्याला काही वर्षांपूर्वी डार्टायटिस जडला होता. या विकारात मन हुकूम देते, पण बोटे डार्ट सोडत नाहीत. ऐंशीच्या दशकात पाच वेळा जगज्जेता झालेला एरिक ब्रिस्टोही त्याच्या तावडीतून सुटला नव्हता. व्हान व्हीन त्यातून बाहेर आला आणि म्युनिकमधील त्या पराभवानंतर सहा महिन्यांनी डॉर्टमुंडला युरोपियन चॅम्पियनशिप जिंकला. या टूरवरच्या कमाईनुसार पहिले ३२ जण त्या स्पर्धेत खेळतात. माजी जगज्जेता ल्यूक हम्फ्रीज याच्याविरुद्धचा तो अंतिम सामना त्याने ११-१० असा, शेवटच्या लेगमध्ये जिंकला. ज्याची बोटे कधीकाळी डार्ट सोडत नव्हती, त्याने त्या लेगचा डबल लावला.

आणि पुढे जगज्जेता झालेला इंग्लंडचा ल्यूक लिटलर. २०२४ च्या मार्चमध्ये वीझेला तो या टूरवर पहिल्यांदाच उतरला. वय वर्षे सतरा. रॉब क्रॉसविरुद्ध अंतिम सामन्यात त्याने नऊ डार्टांचा लेग केला, म्हणजे ५०१ गुण कमीत कमी जितक्या डार्टांत संपवता येतात तितक्यातच संपवले, आणि तरीही सामना ८-७ पर्यंत गेला. मला त्यातली ही ‘तरीही’च महत्त्वाची वाटते. नऊ डार्टांत एकही चूक न करणाऱ्यालाही त्या लेगचा एकच गुण मिळतो, आणि पंधराव्या लेगमध्ये त्याला इतर कुणाहीप्रमाणे एक डबल लावावाच लागतो. शिवाय हे सगळे एका दिवसात. शेवटच्या दिवशी दुपारी तिसरी फेरी होते, रात्री उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम सामना. विजेत्याला सहा, सहा, सात आणि आठ असे सत्तावीस लेग जिंकावे लागतात, म्हणजे सत्तावीस डबल. पहाटे शेतावर गेलेल्या माणसाचा हात संध्याकाळी जसा जड होतो तसा यांचाही होत असणार, फक्त यांना तो जड हात आठ मिलिमीटरांच्या आत आणून ठेवायचा असतो.

स्त्री म्हणून मला या खेळातली आणखी एक गोष्ट सुखावते. पीडीसीच्या टूर कार्डासाठी स्त्री-पुरुष असा भेद नाही. २०१९ च्या डिसेंबरात फॅलन शेरॉकने लंडनच्या ॲलेक्झांड्रा पॅलेसमध्ये टेड एव्हेट्सला हरवले, तेव्हा जागतिक स्पर्धेत पुरुषाविरुद्ध जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढच्याच महिन्यात लिसा ॲश्टनने क्यू-स्कूलमधून टूर कार्ड मिळवले. २०२५ च्या ऑक्टोबरात बो ग्रीव्हजने तरुणांच्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत खुद्द लिटलरला ६-५ असे हरवले. ऑकी तीच, बोर्ड तोच, अंतर तेवढेच.

त्या शनिवारी सहाच्या सुमारास आम्ही बाहेर पडलो. रात्रीच्या सत्रासाठी आलेल्या लोकांची रांग फाटकापासून रस्त्यापर्यंत गेली होती. हॉलच्या बाजूच्या दारातून तो मुलगा बाहेर आला. खेळायचा रंगीत शर्ट काढून त्याने साधे जाकीट घातले होते आणि त्याच्यासोबत बहुधा त्याचे वडील होते. रांगेतल्या कुणी त्याला ओळखले नाही. वडिलांनी गाडीचे दार उघडले, तो बसला नाही. त्याने हात वर केला, कोपर डोळ्यांच्या रेषेत आणले आणि रिकाम्या बोटांनी एकदा फेकून बघितले. मग कोपर थोडे खाली घेऊन पुन्हा एकदा. माझा भाचा म्हणाला, “आत्या, दुहेरी आठ.” मीही तेच म्हणणार होते. आमची मेट्रो येईपर्यंत तो तिथेच उभा होता.